गार्डसाहेबांची भुलाबाई

शेषराव गार्ड माती खातात, ही बातमी आमच्या रेल्वे क्वार्टरांत पसरली ती विमलमावशींमुळे. जयपूरजवळच्या कानोता धरणावरच्या सहलीत सगळी मराठी मंडळी पुरीभाजीवर तुटून पडली असताना त्यांनी शेषरावांना पाण्याच्या काठी उकिडवं बसून जेवणाच्या डब्यात माती भरताना पाहिलं. "पोटुशी बाई खाते ते समजू शकतं," मावशी नळावर म्हणाल्या, "पण हे रिटायर व्हायला आलेत."

खाण्याचं साफ खोटं. माती नेली हे खरं, आणि ती भुलाबाई करायला नेली होती.

शेषराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीकाकू मूळचे अमळनेरचे. तिकडे खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेला मुली मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी पाटावर बसवतात, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणी म्हणून खिरापत खातात. जयपुरात अशी जोडी मिळत नाही, म्हणून काकू दरवर्षी ती माहेरून मागवत. सहलीच्या आदल्या वर्षी आणायचं काम शेषरावांकडे आलं. त्यांनी भुलाबाई ड्यूटीच्या पेटीत, कंदिलाशेजारी ठेवली. जयपूरला पेटी उघडली तेव्हा कंदील शाबूत होता.

काकूंनी तेव्हा तुकडे तुळशीच्या कुंडीत टाकले. बोलल्या त्या पुढच्या वर्षी, श्रावण संपताना, पोळ्या लाटता लाटता. "आता बसवायचीच नाही. कॉलनीतल्या पोरींना सांगून टाकते."

आवाज अगदी साधा होता, म्हणूनच शेषरावांनी पेपर खाली ठेवला.

"मतलब, असं कसं," ते म्हणाले. "मी करतो."

"काय करता?"

"भुलाबाई."

काकूंनी पोळी उलटली. "बघा बाई," एवढंच म्हणाल्या.

अडचण अशी, की शेषरावांनी जन्मात भुलाबाई नीट पाहिली नव्हती. लहानपणी ते दारात उभे राहायचे ते खिरापतीच्या ताटावर डोळा ठेवून. कोणत्या घरी काय वाटलं हे ते आजही सांगतील. भुलोजीला मिशी होती की नव्हती, ते विचारू नका. मग त्यांनी जे ठाऊक होतं तेच केलं. पाय फाकवून ताठ उभं राहिलेलं माणूस, एक हात वर. बाई असो की बुवा, प्रत्येक जण हिरवी झेंडी दाखवत होता. वाळताना आधी हात गळायचा, मग मान तडकायची. संध्याकाळी मागच्या खिडकीत नुसत्या पावलांची रांग उरायची.

समोरच्या क्वार्टरमधली शालिनी, म्हणजे हे लिहिणारी, तेव्हा दहावीत होती आणि अभ्यास सोडून कॉलनीतल्या सगळ्यांचे आवाज काढायची. शेषरावांचा आवाज तर तिचा हातखंडा: घसा खाकरायचा, 'मतलब' म्हणायचं, आणि शेवटी इंजिन थांबल्यासारखा लांब 'हंऽ' सोडायचा.

"काका, भुलाबाई गाडी सोडतेय का?" तिने विचारलं.

"मतलब, हात जरा वर गेलाय."

"आणि मान?"

"मान गेलीच. हंऽ."

पण माणूस चिवट. जुनी उशी उसवून त्यांनी मातीत कापूस मळला. वाऱ्याने तडे जातात हे कळल्यावर ओलं फडकं घातलं. उभं काही टिकत नाही म्हटल्यावर माणसं बसवायला घेतली, आणि तिथे अडले, कारण बाई बसते कशी हे त्यांना आठवेना. मग ते आनंदीकाकूंकडे पाहत बसू लागले. काकू तांदूळ निवडायच्या, हे समोर टक लावून.

"काय बघताय? खडा आला का भातात?"

"नाही."

"मग पेपर वाचा."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फडक्याखाली काहीतरी तयार होतं. शालिनीने वाकून पाहिलं. नाक फेंदरं, एक खांदा पडलेला, हात मांडीला चिकटलेले.

"काकू बघताक्षणी हसणार," ती म्हणाली. "पैज."

"नाही हसणार. हरलीस तर कोजागिरीपर्यंत माझा आवाज काढायचा नाही."

"आणि जिंकले तर?"

"मतलब, माझ्या तोंडावर काढ. चहा देऊन ऐकीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्या भुलाबाईचा पाट आणून काकूंपुढे ठेवला आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. शालिनी घसा खाकरून तयार होती.

काकू खाली बसल्या. पाट उजेडाकडे वळवला. त्या पडलेल्या खांद्यावरून अंगठा फिरवला, मग हळूच स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं.

"मी अशी बसते?"

"तांदूळ निवडताना," शेषराव दारातूनच म्हणाले.

काकूंनी पदराने भुलाबाईच्या मांडीवरची धूळ टिपली. "भुलोजी अजून ड्यूटीवर दिसतोय," त्या म्हणाल्या, तेही न हसता. "शालू, कुंकवाचा करंडा आण. आणि पोरींना हाक मार."

पोरी जमल्या. गाणी झाली. मग त्यांना नेहमीचं हवं होतं.

"शालूताई, गार्डकाकांचा आवाज काढ ना."

शेषराव समोरच, हाताची घडी घालून बसले होते. शालिनी म्हणाली, तिचा घसा बसलाय.