पाठीवरची हाक

आमच्या कारखान्याच्या हातोडा विभागात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. मारून उपयोगच नसतो. तीन टनांचा हातोडा लालभडक लोखंडावर आदळत असतो, तेव्हा शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याचं नुसतं उघडलेलं तोंड दिसतं. म्हणून तिथे पाठीत गुद्दा घालतात. एक गुद्दा म्हणजे इकडे बघ, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे पळ. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, आणि शिकवताना कोणी हात राखत नाही.

ज्याच्याविषयी लिहितो आहे तो सव्वीस वर्षं त्या हातोड्याचा दांडा धरून उभा होता. त्याला सगळे गुद्देबाज म्हणत. आखूड मान, खांद्यापर्यंत भाजल्याचे डाग, आणि ठिणगीने नेलेली डावी भुवई. मी कारकून आहे ती हजेरीची कचेरी विभागापासून एक पटांगण सोडून आहे, तरी दर ठोक्याला माझ्या टेबलावरच्या टाचण्या उड्या मारतात. हा माणूस त्या ठोक्यापासून दोन हातांवर उभा राहत असे.

घरीही तो तसाच हाक मारायचा. कारखान्याच्या मागे चाळीत त्याच्या दोन खोल्या होत्या. बायको चुलीपाशी पाठमोरी असली, की पाणी हवं म्हणून एक गुद्दा. किती जोर लागतो हे त्याच्या हाताला कळत नसे. तिच्या पाठीवरचे काळेनिळे डाग नळावर बायकांनी पाहिले. खालच्या मजल्यावरची शेजारीण एकदा तावातावाने वर आली आणि म्हणाली, "चल, आत्ताच्या आत्ता तक्रार करू."

"अहो, ते बोलावतात," बायको म्हणाली. "मारतात तेव्हा निराळं असतं. तेव्हा आधी शिव्या देतात."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की शेजारीण आल्या पावली परत गेली.

त्याला ऐकू येत नव्हतं. थोडंफार आधीपासूनच गेलं होतं, पण शेवटच्या चार वर्षांत काहीच उरलं नव्हतं. हे तीन जणांना ठाऊक होतं: त्याला, बायकोला आणि मेहुण्याला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो याच हातोड्यावर सांडस धरायचा. भट्टीतून निघालेलं लोखंड ऐरणीवर धरून फिरवायचा. दोघांमध्ये चेष्टा अखंड चालायची.

"दाजी, ताई म्हणते तुम्ही तिचं ऐकत नाही," मेहुणा जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम मान वळवून म्हणायचा.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, आज फार देखणे दिसताय."

"तुझ्या बहिणीच्या नशिबाने," गुद्देबाज म्हणायचा. ओठ त्याला चांगले वाचता येत. मग सबंध बाक हसायचा आणि मेहुण्याच्या पाठीत एक बसायचा.

एके दिवशी फलकावर सूचना लागली, मीच लावली. हातोडा विभागातल्या प्रत्येकाच्या कानांची तपासणी होणार, आणि जो नापास होईल त्याला हातोड्यावरून काढून कंत्राटदाराकडे भंगाराच्या आवारात पाठवणार. म्हणजे निम्म्याहून कमी पगार, आणि सव्वीस वर्षांची नोकरी धरली जाणार नाही. त्याला निवृत्तिवेतनासाठी अजून तीन वर्षं हवी होती.

तो कचेरीत आला. "ही तपासणी चुकवता येते का?"

मी त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "नाही."

"हळू बोला की," तो म्हणाला, "मला ऐकू येतं."

कारखान्याच्या दवाखान्यात पातळ फळ्यांची एक खोकेवजा खोली केली होती. माणूस आत फळीला पाठ टेकून बसायचा, कानांवर यंत्र लावायचा आणि आवाज आला की बोट वर करायचा. बाहेर नर्स छोट्या काचेतून बघत बटण दाबायची. पुढच्या माणसासाठी बाक होता, आणि बाकाची पाठ त्या फळ्यांना टेकलेली होती. मेहुण्याचा नंबर दाजींच्या मागे होता. नर्सचा अंगठा खाली गेला की मेहुण्याचं कोपर फळीला लागायचं, अगदी सहज, जांभई देताना लागावं तसं. आत गुद्देबाजच्या पाठीला हादरा पोहोचायचा आणि बोट वर जायचं. मेहुणा हुशार, दोन वेळा त्याने कोपर हलवलंच नाही. नर्सने शेरा लिहिला, 'वयाच्या मानाने उत्तम'. मी यादी घेऊन तिथेच उभा होतो. कोपर मला दिसत होतं. मी नावापुढे खूण केली आणि पुढचा माणूस बोलावला.

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, आता तरी ताईचं ऐका. कागदावर कान शाबूत आहेत तुमचे."

पुढचं समजायला हातोड्याची एक गोष्ट सांगायला हवी. तो हवेच्या दाबावर वर तोललेला असतो. झडप झिजली की आधी फुस्स असा बारीक आवाज येतो, आणि दोन-तीन क्षणांनी हातोडा आपोआप खाली घसरतो. ऐरणीवर साचलेली लोखंडाची खपली काढताना हातोड्याखाली लोखंडी टेकू लावायचा, असा नियम आहे. पण टेकू लावायला आणि काढायला मिनिटभर जातं, आणि पाळीला नग ठरलेले. म्हणून कोणी टेकू लावत नसे. सांडसवाला लांब दांड्याचा ब्रश घेऊन खाली वाकायचा आणि दांड्यावरचा माणूस त्या फुस्सकडे कान देऊन उभा राहायचा. कंपनीने दिलेली कानांची बुचं सगळ्यांच्या खिशात असत, कारण बुचं घातली तर तो आवाज ऐकू येत नाही. साहेब फेरीला आला की ती कानांत जात, आणि साहेबाची पाठ वळली की पुन्हा खिशात.

तपासणीनंतर दोन महिन्यांनी, सकाळच्या पाळीत, ब्रशचा दांडा तुटला म्हणून मेहुणा हातमोजा घालून हातानेच खपली झाडत होता. झडप फुसफुसली. दहा पावलांवर असलेल्या भट्टीवाल्याने ते ऐकलं. तो हातातलं फावडं टाकून धावत आला आणि त्याने गुद्देबाजच्या पाठीत दोन गुद्दे घातले. गुद्दे पोहोचले तेव्हा हातोडा खाली आला होता.

मेहुण्याची किंकाळी पटांगणापलीकडे मला ऐकू आली. गुद्देबाजला ती ऐकू आली नाही. भट्टीवाल्याला काय झालं, हे बघायला तो आधी मागे वळला. मग पुढे बघितलं तर मेहुण्याचं तोंड उघडं. त्याने हातोडा वर घेतला. मनगटापासून पुढे काही नव्हतं. ऐरणीला हातमोजा चिकटला होता, कागदाइतका पातळ.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बायको आली. तिने भावाला पाहिलं, बाहेर आली आणि बाकावर वाकून बसलेल्या नवऱ्याच्या पाठीत दोन्ही मुठींनी मारायला लागली. वीस वर्षांत तिने एकदाही हात उचलला नव्हता. किती मारले याचा हिशेब नव्हता. इकडे बघ, थांब, पळ, सगळं त्यात आलं. तो वळला नाही. तिची बोटं सुजली तेव्हा मी आणि भट्टीवाल्याने तिला धरलं.

"सोडा," ती म्हणाली. "मी बोलावतेय त्यांना."

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. साहेबांच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे गुद्देबाज आणि त्याच्या उजव्या बाजूला, फडकं गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून, मेहुणा. लिहून घ्यायला मी. साहेबांनी तपासणीचा शेरा वाचला. कान उत्तम, म्हणजे आवाज ऐकू आलाच असणार, म्हणजे निष्काळजीपणा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"आवाज ऐकलात?"

"ऐकला," गुद्देबाज त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाला. "लक्ष नव्हतं माझं."

तो खोटं बोलला ते मेहुण्यासाठी. तपासणीत लबाडी झाल्याचं निघालं असतं, तर मेहुण्याची भरपाई बुडाली असती. हे दोघांनी आधीच ठरवलं असावं.

साहेब उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. "मग टेकू का नाही लावला?" त्यांनी विचारलं.

गुद्देबाज टेबलाकडे बघत बसला. साहेब थांबले. मी लेखणी टेकवून बसलो. आणि मेहुण्याने, उरलेला डावा हात उचलून, हातोडा विभागाच्या सवयीने, दाजींच्या पाठीत एक गुद्दा घातला. इकडे बघ.

साहेब वळले. खिडकीच्या काचेत त्यांना सगळं दिसलं होतं.

"हे काय?"

"सवय आहे साहेब," मेहुणा म्हणाला आणि त्याने डावा हात पटकन मांडीवर घेतला.

साहेबांनी दाराची कडी लावली. ते ओरडले नाहीत. बहिरा माणूस हातोड्यावर कसा, बहिरा झाला कशाने, सगळ्यांची बुचं खिशात का आणि टेकूला धूळ का, हे प्रश्न बाहेर कोणी विचारले असते तर त्यांनाही परवडणारे नव्हते. त्यांनी मला मजकूर सांगितला. अपघात झडपेच्या अचानक बिघाडामुळे. कोणाचा दोष नाही. दोघांची कंपनीविरुद्ध काही मागणी नाही. माणुसकीच्या दृष्टीने दोघांना कंत्राटदाराकडे काम. मी तो कागद सुवाच्य अक्षरात लिहिला. गुद्देबाजने सही केली. मेहुण्याने डाव्या हाताचा अंगठा दिला.

हातोड्यावर आता दुसरा माणूस आहे. त्याचीही बुचं खिशातच असतात.

गुद्देबाज भंगाराच्या आवारात पत्र्याचे तुकडे गोळा करतो. तिथे ट्रक मागे मागे येतात आणि भोंगा वाजवतात, जो त्याला ऐकू येत नाही. फाटकाशी पहारेकरी म्हणून मेहुणा बसतो. त्याने खुर्चीशेजारी खड्यांचा ढीग करून ठेवला आहे. ट्रक मागे सरकायला लागला, की तो डाव्या हाताने खडे मारतो. गुद्देबाजच्या पाठीत खडा बसला, की तो न बघता बाजूला होतो. डाव्या हाताचा नेम अजून बसलेला नाही. गेल्या आठवड्यात एक खडा कानामागे लागला आणि सदऱ्यावर रक्त आलं. ट्रक त्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर थांबला होता. तो वळला, फाटकापर्यंत चालत गेला आणि मेहुण्याला आईवरून शिवी दिली.

"मोठ्याने बोला, दाजी," मेहुणा म्हणाला, आणि पुढचा ट्रक येत होता म्हणून त्याने दुसरा खडा उचलला.