पाचची घंटा

शरणबसप्पांची घंटा वेळेवर होत नाही, ही उमरग्यातल्या त्या मुलींच्या शाळेतली जुनी तक्रार होती. सकाळची घंटा अगदी ठोक्याला व्हायची. घोळ असायचा तो शाळा सुटण्याच्या, पाचच्या घंटेचा. कधी पाच वाजून चार मिनिटं, कधी नऊ, एकदा तर चक्क सव्वापाच. आणि तोही दिवाळी सरून ऊस कारखान्याकडं निघाला की. शिपायाचं वय झालं, गुडघे गेले, डुलकी लागत असेल, असं शिक्षक आपसांत बोलायचे. शरणबसप्पांच्या कानावर ते आलं होतं. पण माणूस तिरसट. खुलासा करणं म्हणजे त्यांना गयावया केल्यासारखं वाटायचं.

खरं कारण रस्त्यावर होतं. शाळेपुढं चांगलाच चढ आहे. दोन्ही बाजूंनी फळांचे गाडे, रिक्षा, काळ्या-पिवळ्या जीपा. मधे उरते ती जेमतेम एका ट्रॉलीपुरती वाट. त्याच वाटेनं उसाच्या डबल ट्रॉल्या वर चढतात आणि त्याच वाटेनं दीडशे पोरी सरकारी योजनेतल्या सायकलींवरून उताराला सुसाट सुटतात. अकरा वर्षांपूर्वी एका पोरीची सायकल ट्रॉलीखाली गेली. पोरगी वाचली, पण पायानं अधू झाली. तिला उचलून रिक्षात घातलं ते शरणबसप्पांनीच.

दुसऱ्या दिवशी ते चढाखालच्या चहाच्या टपरीवर गेले आणि ट्रॅक्टरवाल्यांना फैलावर घेतलं.

"शाळा सुटताना जरा थांबायला काय होतंय रे तुमाला?"

बिरू नावाच्या ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. "मामा, हितं खाली थांबलं तर बाजार तुंबतो, पोलीस हाकलतो. चढावर थांबलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलत्यात. मग आमी थांबावं कुठं, तुमीच सांगा."

शरणबसप्पा चढ चढून शाळेत परतले. पोरींना तरी काय सांगणार? दिवसभर बाकावर बसून अवघडलेली लेकरं ती, घंटा झाली की सुटणारच. पुढं गावापर्यंत पाच-सहा किलोमीटर पायडल मारायचं असतं. ट्रॅक्टर थांबत नव्हता, पोरी थांबत नव्हत्या. मग थांबायचं ते घंटेनं.

तेव्हापासून पावणेपाचला ते बावीस पायऱ्या चढून गच्चीवर जात. चढाकडं बघत उभे राहत. वाट मोकळी दिसली की कठड्याला टांगलेल्या लोखंडी पट्टीवर टोले देत. हे फक्त जुन्या हेडमास्तरांना ठाऊक होतं. "कुणाला बोलू नका, उगाच वरून चौकशी यायची," असं बजावून ते निवृत्त झाले. शरणबसप्पांनी ते बजावणं इमानदारीनं पाळलं.

या जूनमध्ये शिवरंजनी मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. कामाला चोख, घड्याळाला पक्क्या. दिवाळीनंतर पालक कुरकुरायला लागले, तसा त्यांनी शरणबसप्पांना मेमो दिला. त्यांनी मुकाट सही केली. महिनाभरात विजेची घंटा आली, वेळ लावली की आपोआप वाजणारी.

"मामा, जानेवारीत तुम्ही निवृत्त होणार. तुमची जागा काही भरणार नाहीत," मॅडम मऊपणानं म्हणाल्या. "आत्तापासून सवय केलेली बरी."

मेमो त्यांना एवढा लागला नव्हता. हे मात्र काळजात रुतलं. ऊस मार्चपर्यंत चालायचा, आणि जानेवारीनंतर त्या चढाकडं बघणारं कुणीच नसणार होतं.

घरी शांताक्का त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत म्हणाली, "साकु, बास आता. लई झालं. दीड महिना राहिलाय, गुमान काढा. सारं गाव तुमच्याच डोक्यावर हाय का?" शरणबसप्पांनाही आत कुठंतरी तसंच वाटत होतं. ते फार दमले होते.

सोमवारी बरोबर पाचला विजेची घंटा किर्र वाजली. शरणबसप्पा सवयीनं गच्चीवरच होते. बिरूचा ट्रॅक्टर चढाच्या मध्यावर आला होता, टेप दणाणत, मागं दोन ट्रॉल्या. त्या बावीस पायऱ्या ते कसे उतरले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. फाटकाला साखळी घालून त्यांनी कुलूप ठोकलं आणि पाठ टेकून उभे राहिले.

"मामा, उघडा की!" पोरी सायकली घेऊन अंगावर आल्या. गलका ऐकून मॅडम आल्या.

"हा काय प्रकार आहे? कुलूप काढा आधी."

"न्हाय काढत."

"दुसरा मेमो हवाय का?"

"द्या. पाच मिनटांनी द्या."

तेवढ्यात ट्रॅक्टर फाटकाला घासूनच आला. त्याची पुढची चाकं वीतभर उचलली आणि दाणकन आदळली. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं फाटकाच्या गजांवरून खडखडत गेली. पुढच्या पोरी आपसूक मागं सरल्या, मॅडमही. बंद फाटक आणि आतली गर्दी बघून बिरू वरून ओरडला, "मामा, आज पोरी आदीच सोडल्या व्हय?"

मॅडमनी मागची ट्रॉली पुढं जाईपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "हे रोज?"

"ऊस असला की रोज."

"मला एका शब्दानं सांगायचं तरी!"

शरणबसप्पांनी कुलूप काढलं. आपल्या ताठ्यापायी आज काय झालं असतं, या विचारानं त्यांना स्वतःचीच भीती वाटली. "सांगाय पायजे व्हतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

विजेची घंटा पाचपुरती बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचला गच्चीवर दोघं दिसू लागली. "आता?" मॅडम विचारायच्या. "थांबा. ती जीप निघू द्या." चार दिवस मॅडमनी घाई केली, मग त्यांना चढ कळायला लागला.

जानेवारीच्या अखेरीला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नारळ पिशवीत टाकून शरणबसप्पा पाचच्या आधीच फाटकाशी पोरींच्या घोळक्यात येऊन उभे राहिले. भाषणांपायी वर्ग आज आधीच सुटले होते आणि सायकली घंटेची वाट बघत होत्या. पाच वाजले. पाच वाजून चार मिनिटं झाली.

"मॅडम झोपल्या का काय वर?" एक पोरगी वैतागून म्हणाली.

शरणबसप्पांनी रस्त्याकडं बघितलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. पाच वाजून सात मिनिटांनी वर टोले पडले.