तिसऱ्या अंकातलं पद

साध्यासरळ माणसाचे किस्से कोण सांगत बसतंय! माणूस हट्टी असला, की ते आपोआप साठतात. आमच्या बहरीनच्या मराठी मंडळात ते सगळ्यात जास्त साठलेत नानांचे. नाना म्हणजे आठवडाभर मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये क्रेन दुरुस्त करणारे आणि सुट्टीत आमच्या संगीत नाटकांना चाली लावणारे.

*

पहिल्याच नाटकात त्यांनी सगळ्यात गोड चाल दिली ती खलनायकाला. मंडळात दोन तट पडले, नायकाचं काम करणारा तर रागावून निघूनच गेला. नानांना त्याचं काही नाही. म्हणाले, "गोड बोलल्याशिवाय कोणी फसतं का रे?"

*

तबल्याला रत्नागिरीचे रज्जाकभाई. एकदा तीन तास एकच ठेका वाजवून ते वैतागले. खलास, हात भरून आले म्हणाले. त्यावर नाना म्हणे, अजून हातानेच वाजवतोयस, म्हणून!

रज्जाकभाई उठून गेले. पंधरा दिवसांनी आपणहून परत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "मानूस वायट हाय, पन चाल सोडवत नाय."

*

यंदा नाना रिटायर होऊन गावी निघालेत, म्हणून हे त्यांचं शेवटचं नाटक. तिसऱ्या अंकात परदेशी असलेल्या नायिकेला वडील गेल्याचं कळतं. तिथे नानांनी पदच ठेवलं नाही. नायिकेने मिनिटभर नुसतं बसून राहायचं.

नायिका आमची स्मिता, बँकेत असते. चार वर्षं कोरसमध्ये काढून तिला ही भूमिका मिळालेली. ती चिडली, रडली. कमिटीने बजावलं, की पद नसेल तर नाटक होणार नाही. नाना म्हणाले, नका करू. शेवटचं नाटक बुडालं तरी चालेल, पण तिथे कोणी गात नाही.

*

हा वाद मिटायच्या आतच, प्रयोगाला दोन आठवडे असताना, सांगलीला स्मिताचे वडील गेले. वेळेत पोचेल असं विमान मिळेना. अंत्यसंस्कार तिने जनाबिया भागातल्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मोबाइलवर पाहिले. आम्ही दोघं-तिघं गेलो होतो. कुणीतरी चहा टाकला.

चौथ्या दिवशी ती तालमीला आली. नाना आधीच येऊन बसले होते. कुणासाठी एक सूर न बदलणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या हातात कागद होता. पद लिहून, चाल लावून आणलेलं.

"हे तुझं पद, स्मिता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू म्हणशील त्या पट्टीत घेऊ."

तिने ते सगळं वाचलं. मग कागदाची नीट घडी घालून तो नानांच्या हातात परत दिला आणि रंगमंचाच्या मधोमध जाऊन खाली बसली.

"नको, नाना," ती म्हणाली. "तिसरा अंक घ्या. मी नुसती बसते."