‘सब ठीक’ची दुरुस्ती

त्या वर्षी आमची कंपनी उत्तरेच्या डोंगरात एका पोस्टवर होती. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर. दहा जवान माझ्या हाताखाली. पोस्टवरचा दिवस घड्याळावर चालायचा. ०५३० ला उठणं, ०६०० ला चहा, ०७०० ला हत्यारांची सफाई, ०८०० ला सिक रिपोर्ट. ज्याला ताप आहे, पायाला फोड आहे, त्याने एमआय रूमसमोर, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यासमोर, रांगेत उभं राहायचं. नियम असा होता. प्रत्यक्षात त्या रांगेत कुणी उभं राहत नसे. राहिलाच कुणी, तर बाकीचे विचारायचे, "काय रे, माहेरपणाला आलायस का?" मीही विचारलेलं आहे. आज त्याची लाज वाटते.

रेडिओ सेटवर दर तासाला खालच्या बेसला एक रिपोर्ट द्यावा लागे. बेस विचारायचा, "सब ठीक? ओव्हर." आपण म्हणायचं, "सब ठीक. ओव्हर." दिवसातून चोवीस वेळा. बोलताना चूक झाली तर तिचीही रीत ठरलेली होती. ‘करेक्शन’ म्हणायचं आणि बरोबर शब्द सांगायचा. सारवासारव नाही, माफी नाही. मला ही रीत फार आवडायची. तिचा उपयोग मी केला, पण फार उशिरा केला. ते पुढे येईल.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक किसन होता. बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यातला. मी बदलापूरच्या शिरगावातला. हजारो जवानांत दोघं एका तालुक्याचे निघालो, म्हणून पलटणीत मी त्याचा हवालदार आणि एकटे असलो की दादा. अंगाने काटक, बोलायला कमी. काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "ठीक हाय."

रेशन आणायला आम्ही तिघं वन-टनर गाडीतून खाली निघालो होतो. ड्रायव्हर, किसन आणि मी. १३२० ला एका वळणावर रस्त्याची कड खचली. गाडी दोन कोलांट्या घेऊन नाल्यात गेली. ना गोळी, ना दुश्मन. ड्रायव्हरला फक्त खरचटलं. माझ्या डाव्या पायाचं नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. किसन स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला. त्याने दोन फळ्या शोधल्या, स्वतःचा पट्टा काढला आणि माझा पाय बांधला.

"किसन, तुला कुठं लागलंय?"

"ठीक हाय दादा. तुमचा पाय बगा आदी."

गाडीतला रेडिओ सेट शाबूत होता. १३३५ ला मी बेसला बोललो. ते बोलणं मला शब्दशः पाठ आहे.

"बेस, गाडी नाले में गिरी. एक जख्मी. मैं. पाँव टूटा है. बाकी दोनों ठीक. ओव्हर."

"हेलिकॉप्टर माँगूँ? ओव्हर."

"जरूरत नहीं. ॲम्ब्युलन्स भेज दो. ओव्हर."

पाय मोडला म्हणून हेलिकॉप्टर मागवणारा हवालदार मला व्हायचं नव्हतं. ॲम्ब्युलन्सची गाडी खालून निघाली. किसन चाकाला टेकून बसला. १४३० ला त्याने पाणी मागितलं. थोड्या वेळाने म्हणाला, खांदा दुखतोय. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं. १६०५ ला विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. ॲम्ब्युलन्स १६३५ ला पोहोचली, तोवर किसन गेला होता. त्याची प्लीहा फुटली होती आणि सगळा रक्तस्राव पोटातल्या पोटात झाला होता, हे मला नंतर कळलं.

मला लष्कराच्या मोठ्या इस्पितळात नेलं. पायाचं ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली. ते ऑपरेशन चांगलं झालं होतं, हे मी आधीच सांगतो. माझा राग त्या हातांवर नाही. माझा राग नंतरच्या पाच महिन्यांवर आहे.

रोज ०९०० ला वॉर्डचा राउंड असे. पडलेल्या जवानांनीही अंथरुणात सावधान व्हायचं. वॉर्डचे डॉक्टर, मेजरसाहेब, खाटेच्या पायथ्याशी उभे राहत.

"कैसे हो जवान?"

"ठीक हूँ, साहब."

"शाबाश."

आणि पुढची खाट. जखमेच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक राहिलं होतं. त्यातून पू यायचा, बंद व्हायचा, पुन्हा यायचा. ड्रेसिंग करणारी पोरं बदलत. ती पुसायची, बांधायची, निघून जायची. पाच महिन्यांत त्या मेजरसाहेबांनी एकदाही पट्टी सोडून आत पाहिलं नाही. मीही एकदाही ‘पाहा’ म्हटलं नाही. शेवटी कुबड्या आणि सिक लीव्ह देऊन मला घरी पाठवलं.

घरी माझी बायको सुमन. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते. यंत्र खरखरलं की ते आधी उघडून बघायचं, ही तिच्या घरची शिकवण. दोन महिने तिने माझं ड्रेसिंग केलं. एका सकाळी ती पट्टी हातात घेऊन समोर उभी राहिली.

"अहो, याला वास येतोय."

"जखम आहे. वास येणारच."

"सात महिने झाले. माझ्या बाबांचं बोट मशीनमध्ये गेलं होतं, ते दीड महिन्यात भरलं. आपण उल्हासनगरला हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

मी भडकलो. मला लष्कराने बरं केलं आहे, मी लष्कराचा माणूस आहे, बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपल्या पलटणीवर अविश्वास. असं बरंच काही बोललो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पलटणीला दोन हजार पाय आहेत. मला तुमचा एकच माहीत आहे. दादाची रिक्षा दहा वाजता येईल."

तिच्या भावाची रिक्षा दहाला आली. अंबरनाथवरून उल्हासनगरपर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी पायाने मोजला.

डॉक्टर सिंधी होते, साठीच्या पुढचे. दवाखाना एका जुन्या मिलिटरी बराकीत. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब त्याच बराकीत येऊन राहिलं होतं. भिंती नव्या, छप्पर नवं, पण आकार बराकीचाच. माझे कागद पाहून ते हसले. "मिलिट्री के घर में पला हूँ, साईं. मिलिट्री का पैर तो देखना पड़ेगा."

मी सवयीने पाठ ताठ केली आणि म्हटलं, "वैसे तो मैं ठीक हूँ, डॉक्टरसाहब."

"आपसे पूछा किसने? चुप बैठो."

त्यांनी स्वतः पट्टी सोडली. नाक जवळ नेऊन वास घेतला. मग अंगठ्याने हाड दाबत वरून खाली आले. ते पायाकडे पाहत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. एका ठिकाणी माझे डोळे मिटले. तिथे त्यांनी पेनाने फुली मारली. शेजारच्या गल्लीत एक्स-रे काढून आणायला लावला. फिल्म खिडकीसमोर धरली आणि सुमनला जवळ बोलावलं.

"ये देखो बहन. सफेद टुकड़ा. हड्डी मर गई है और अंदर पड़ी है. मरी चीज अंदर रखोगे तो बाहर से कितना भी धोओ, भरेगा नहीं."

सात महिने वरून धूत होते आणि रोग आत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मग त्यांनी माझे लष्करी कागद चाळले आणि बोटाने मोजायला लागले. ‘नो कम्प्लेंट्स’ हे शब्द नऊ ठिकाणी होते. त्यांनी चष्मा काढला.

"ये बीमारी का कागज है या चाल-चलन का सर्टिफिकेट?"

मला राग आला. "हमारे साहब के बारे में ऐसा मत बोलिए."

"उनका हिसाब वो देंगे. मैं आपका पूछ रहा हूँ. ये नौ बार किसने लिखवाया? मुँह किसका था?"

सुमन मान खाली घालून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, "ऑपरेशन मैं भी कर दूँ. पर पैर सरकार का काम करते टूटा है, सरकार से ही ठीक करवाओ. मैं चिट्ठी देता हूँ. दो महीने और ठीक-ठीक करते रहे, तो काटना पड़ेगा. और सुनो साईं, चिट्ठी बाद में देना. पहले मुँह से बोलना."

परत येताना रिक्षात सुमन एवढंच म्हणाली, "सोनारानं कान टोचले ते बरं झालं. माझं तर तुम्ही ऐकणार नव्हता." ‘बाकी दोनों ठीक’ हे माझेच शब्द माझ्या कानात वाजत होते. किसनचा विचार मी आजवर दुःखाने करत होतो. त्या दिवशी प्रथमच रागाने केला. आधी त्याच्यावर, मग स्वतःवर.

चार दिवसांनी मी इस्पितळात दाखल झालो. ०९०० ला राउंड आला. तेच मेजरसाहेब, मागे सिस्टर, हातात फाइल.

"अरे हवालदार, वापस? कैसे हो?"

मी गोळीबारात उभा राहिलेला माणूस आहे. तरी सांगतो, तेव्हा ‘ठीक हूँ’ माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. शेजारच्या खाटांवर आठ जवान सावधान होते.

"तकलीफ है, साहब."

मेजरसाहेब हसले. "फौजी होकर?"

"जी साहब. सात महीने से है. पीप आती है, बदबू आती है. आप पट्टी खोलकर देखिए."

त्यांचा चेहरा लाल झाला. "पहले क्यों नहीं बोला?"

"मेरी गलती है, साहब. मैंने नौ बार झूठ बोला. पर आपने नौ बार बिना देखे लिखा."

यावर माझी शिक्षा झाली असती, तर मी भोगली असती. साहेबांनी फाइल सिस्टरकडे दिली, खाटेच्या पायथ्यापासून पहिल्यांदाच माझ्या उशाकडे आले आणि पट्टी सोडली. बराच वेळ पाहिलं. मग मी दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि एक्स-रे मागवला. ते पुढच्या खाटेकडे गेले, तेव्हा तिथला शीख जवान हळूच म्हणाला, "साहब, मेरी भी पट्टी देख लो." त्याच्या मागोमाग आणखी दोघे बोलले. त्या दिवशीचा राउंड पाऊण तास लांबला.

तीन दिवसांनी माझ्या पायातून मेलेल्या हाडाचा तुकडा निघाला. चिंचोक्याएवढा. दोन महिन्यांत जखम भरली. पाय अर्धा इंच आखूड राहिला, मेडिकल कॅटेगरी घसरली आणि मुदतीआधी मी पेन्शनवर घरी आलो. लोक म्हणतात, पाय वाचला, नशीब समजा. नशीब कसलं! एका खाजगी डॉक्टराने पाच मिनिटं पट्टी सोडून पाहिलं, म्हणून वाचला. एवढ्यासाठी उल्हासनगरची बराक गाठावी लागावी, याची चीड मला आजही आहे. आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्याला आम्ही शिस्त म्हणत होतो, याची त्याहून जास्त.

काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर सगळ्यात आधी मी किसनच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईला मी आधी एकदा भेटलो होतो, कुबड्यांवर असताना. तेव्हा तिला सांगितलं होतं, "मावशी, तो शेवटपर्यंत ठीक होता. त्याला काही त्रास झाला नाही." तिने मान हलवली होती आणि मला चहा दिला होता.

या वेळी ती ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मी खाली, जमिनीवर बसलो. म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला खोटा रिपोर्ट दिला होता. तो ठीक नव्हता. त्याला घाम येत होता, खांदा दुखत होता, पाणी मागत होता. तो ठीक आहे म्हणाला, आणि मी तेच रेडिओवर सांगितलं. त्यांनी हेलिकॉप्टर विचारलं होतं. मी नको म्हणालो."

सूप थांबलं. तिने माझ्या पायाकडे पाहिलं.

"बारीक व्हता तवापासना असाच," ती म्हणाली. "चुलीत पाय पोळला, तरी बोलं, काय नाय झाला. मी त्याचा आयकत नव्हती. धरून बगायची." मग तिने विचारलं, "तितं कोनी त्याच्या प्वाटाला हात लावून बगला नाय?"

"नाही, मावशी."

"तू पन नाय?"

"मी पण नाही."

तिने पुन्हा सूप हातात घेतलं. हेलिकॉप्टर आलं असतं तर तो जगला असता का, हे मी उल्हासनगरच्या डॉक्टरांना नंतर विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पूछने का मौका तो मिलता."

किसन लढाईत गेला नाही, रस्ता खचून गेला. म्हणून शहिदांच्या दगडावर त्याचं नाव नाही आणि शाळेत भाषणाला बोलावतात तेव्हा लोकांना दुसऱ्या गोष्टी ऐकायच्या असतात. मी हीच सांगतो. ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी दरवर्षी दुपारी मी बारवीच्या बाजूला तोंड करून अंगणात सावधान उभा राहतो. आखूड पायामुळे थोडा वाकडा दिसतो. १३३५ वाजले की मोठ्याने, सुमनला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, माझा रिपोर्ट देतो.

बेस, मेरा पिछला संदेश, करेक्शन. दो जख्मी. लान्स नाईक किसन ठीक नहीं है. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर.