कडी नसलेलं दार

इरा, नील —

तुमच्या आजोबांबरोबर मी एकेचाळीस वर्षं संसार केला, पण ही गोष्ट त्यांना कळू दिली नाही. तुमच्या बाबालाही ती माहीत नाही. रोज ज्या देवापुढे दिवा लावते, त्याच्यापुढेही मी ती कधी शब्दांत मांडलेली नाही. मनात आलीच, तर पटकन दुसरं काहीतरी आठवायचं — इतकी वर्षं एवढंच करत आले.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. मी देवळालीच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे नाशिकच्या इंग्रजी शाळेतच आयुष्य गेलं, अजून वाणसामानाची यादीही इंग्रजीत करते. पण इंग्रजीत मला लपता येतं. कसं, ते पुढे कळेलच. म्हणून मराठीत लिहिते आहे. कुठं अडलं तर बाबाला विचारा — म्हणजे त्यालाही कळेल.

गेल्या रविवारी बाबाचा तिकडून, परदेशातून फोन आला. नील, तुझ्या शाळेत दोघांनी तुला धरलं आणि एका वेगळ्या खोलीत नेऊन ठेवलं, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. म्हणाला, "आई, निदान इथं कायदा आहे म्हणून त्याच दिवशी पत्र तरी आलं. किती मिनिटं ठेवलं तेसुद्धा लिहिलंय त्यात." मग म्हणाला, "तुमच्या शाळेत असं काही व्हायचं का गं?"

मी म्हटलं, "छे!" आणि लगेच विचारलं, नील नीट जेवतो ना?

ती मिनिटं कशी लिहितात ते मला माहीत आहे, नील. मी लिहिलेली आहेत.

मी तेव्हा प्राथमिक विभागाची पर्यवेक्षिका होते. जिन्याखाली एक छोटी खोली होती — गुंडाळलेले नकाशे, कवायतीचे ढोल, एक मोडका पृथ्वीगोल. दाराला बाहेरून कडी. वर्ग डोक्यावर घेणाऱ्या मुलाला त्या खोलीत कोंडायची पद्धत माझ्या आधीपासून होती. मी ती सुरू केली नाही — पण हे वाक्य मी का लिहिलं? मी ती बंदही केली नाही.

मग कायदा आला. मुलांना शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही. पाठोपाठ सूचना आल्या. कोंडून ठेवणंही शिक्षाच, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी त्या दोनदा वाचल्या, खुणा केल्या, फाइलला लावल्या. तुम्हाला तुमची आजी ठाऊक आहे. कपाटातल्या चादरीसुद्धा मी घड्या एका बाजूला करून ठेवते. सूचना आल्या म्हणजे त्या पाळायच्या. मग मी काय केलं?

मी सुताराला बोलावून त्या दाराची कडी काढून घेतली.

खोलीला चुना दिला. सतरंजी टाकली, भिंतीवर सूर्यफुलांचं चित्र लावलं, दारावर 'शांत खोली' अशी पाटी. एक रजिस्टर केलं — नाव, वेळ, कारण, सही. आणि पालकांसाठी संमतीपत्र, इंग्रजीत, फार सुरेख इंग्रजीत. आता मूल आत गेलं की आमच्या आया, हिराबाई, बाहेर स्टूल ठेवायच्या आणि दाराला पाठ टेकून बसायच्या. दार आतून ढकललं तर हलायचं नाही. पण कडी नाही, म्हणजे कोंडणं नाही. हे मी मीटिंगमध्ये सगळ्या शिक्षिकांना समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही.

चैताली तेव्हा सात वर्षांची होती. सायखेड्याची. वडील भाऊसाहेब, द्राक्षबागवाले. पोरगी इंग्रजी शाळेत शिकावी म्हणून तिला गावाहून आणून नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मावशीकडे ठेवलेली. ती इतर मुलांसारखी नव्हती. एका जागी बसायची नाही, हात सारखे हलवायची, मोठा आवाज झाला की कान झाकून किंचाळायची. आज त्याला नाव आहे, आम्हीही तेव्हा ते ऐकलेलं होतं — पण वर्गात बावन्न मुलं होती, आणि — नाही, पुन्हा तेच. बावन्न मुलांचा इथं संबंध नाही.

त्या वर्षी ती थोडं थोडं बोलायला लागली होती. शनिवारी भाऊसाहेब मोटारसायकलवरून न्यायला आले की फाटकाशी उड्या मारत "आबा, घरी! आबा, घरी!" म्हणायची. दोनच शब्द, पण भाऊसाहेब दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायचे, "म्याडम, बोलली बरं का! आपल्या कानानी ऐका." संमतीपत्रावर त्यांनी न वाचता सही केली होती. मी कशाचं ते सांगायला लागले तर म्हणाले, "तुम्ही करताय ते पोरीच्या भल्याचंच आसंल ना, मंग झालं." मी पुढे काही सांगितलं नाही. तेच मला हवं होतं, नाही का?

त्या दिवशी तपासणी होती. शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते — नवा कायदा शाळेत पाळला जातो का, हेच बघायला. सकाळी प्रार्थनेच्या वेळी बँड वाजला आणि चैताली किंचाळायला लागली. मी तिला दंडाला धरून जिन्याखाली नेलं. हिराबाईंना चहापाण्यासाठी ऑफिसात बोलावलेलं होतं, दाराशी बसायला कुणी नव्हतं. भिंतीजवळ वर्गातला एक लाकडी बाक उभा करून ठेवलेला होता. तो मी ओढला — मी, या हातांनी — आणि दाराला लावला. हिराबाई ट्रे घेऊन चालल्या होत्या, थांबल्या. म्हणाल्या, "बाई, ल्हान जीव हाय. मी चहा ठिवून येते, मंग बसते ना." मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम. जा तुम्ही."

साहेब आले. ऑफिसात मी त्यांना रजिस्टर दाखवलं, सूचनांची फाइल दाखवली. जिन्याकडून धडधड ऐकू येत होती, मधूनच ओरडणं. त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, "वर संचलनाची तयारी चाललीये." त्यांनी मान हलवली. धडधड चालूच होती. मी मोठ्यानं बोलत राहिले. मग ती थांबली.

इथवर येऊन मी तीनदा पेन खाली ठेवलं. लिहिते.

आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं. काय झालं असेल, हे मनात आलंसुद्धा नाही. हायसं वाटलं. आणि मग मी विसरले. साहेबांना वर्ग दाखवले, ते चांगला शेरा लिहून गेले, आम्ही सगळ्यांनी एकमेकींचं अभिनंदन केलं. मधल्या सुट्टीनंतर हिराबाई धावत माझ्या टेबलाशी आल्या, त्यांनी जिन्याकडे बोट केलं. पावणेतीन तास झाले होते.

ती कोपऱ्यात बसली होती. फ्रॉक ओला. दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे होते आणि बोटांना रक्त. ओठ चावून फाटलेला. मी "चैताली" म्हटलं तर तिनं पाहिलं नाही. ती रडत नव्हती. निदान ती रडली असती —

मी काय केलं ते ऐका. मी नीटनेटकी बाई आहे ना! तिला धुतलं, शाळेतला दुसरा फ्रॉक घातला, तुटकी नखं सगळी सारखी कापली, बोटांना औषध लावलं. फळी पॉलिशकागदानं घासून घेतली. मावशीला निरोप धाडला, झोपाळ्यावरून पडली. रजिस्टरमध्ये लिहिलं : विश्रांती, पंधरा मिनिटं. खाली सही केली. हिराबाई बघत होत्या. म्हणाल्या, "मी काय पाह्यलं नाय, बाई. माझी नोकरी हाय. पण तुम्ही पाह्यलं ना."

त्यानंतर "आबा, घरी" कुणी ऐकलं नाही. कुठलाच शब्द कुणी ऐकला नाही. शाळेच्या फाटकाशी आली की ती रस्त्यावर अंग टाकून द्यायची. वर्ष संपायच्या आत भाऊसाहेब तिला घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "आमचंच नशीब, म्याडम. तुम्ही लय केलं तिच्यासाठी." मी म्हटलं, "काही मुलांना शाळा मानवत नाही." पुढची कित्येक वर्षं ते हंगामात द्राक्षांची पेटी घरी आणून देत. तुमच्या बाबानं ती खाल्ली आहेत. मीही खाल्ली. कशी खाल्ली असतील मी?

इथं संपलं असतं तर कदाचित हे सांगायचं बळ मला आलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी, मी निवृत्त होऊन बराच काळ झाल्यावर, भाऊसाहेब घरी आले. चैतालीला घेऊन. तेव्हा अठरा-एकोणीसची होती, उंच, केसांची छान वेणी घातलेली. भाऊसाहेबांनी दिवाणखाना पाहिला आणि हसले, "म्याडम, तुमचं घर म्हंजी कचेरीच! चपला काढायला बी अर्ज करावा लागंल." मी हसले. मागे दार लावून घ्यायला गेले तर ते एकदम म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तिला दार लावलेलं चालत नाय." सायखेड्याच्या घरात न्हाणीलासुद्धा दार नाही, पडदा लावलाय. रात्री घराचं दारही अर्धं उघडं ठेवून ते स्वतः उंबऱ्याशी झोपतात. चैताली माझ्याकडे बघत नव्हती. उघड्या दाराकडे बघत होती.

नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं होतं. ही भीती जन्माची वाटत नाही, लहानपणी काहीतरी घडलंय, नक्की काय ते कळलं तर उपचार करता येतील, असं त्या म्हणाल्या. म्हणून ते विचारत फिरत होते. मावशीला विचारून झालं होतं. मग खाली मान घालून म्हणाले, "तिची आई म्हणती, मीच कारण. एकदा खुडणीच्या वेळंला पोर बागेत पळती म्हून तिनं घरात ठिवलं व्हतं, बाहेरून कडी लावून. आर्धा तास आसंल. ती आजून त्याच्यावर रडती, म्याडम. चैतालीसमोर बसत नाय, जेवू घालत नाय, म्हणती माझे हात पापी हायेत. म्हून म्हटलं तुम्हाला विचारावं. शाळेत कधी काय झालं व्हतं का?"

बघा, इतकं सोपं होतं. मला कुणी धमकावत नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. समोर एक माणूस हात जोडून बसला होता आणि एका 'हो'ची वाट बघत होता. त्या 'हो'नं त्याच्या मुलीला औषध मिळणार होतं, त्याच्या बायकोला तिचे हात परत मिळणार होते.

मी म्हटलं, "नाही, भाऊसाहेब. शाळेत असं काही होत नव्हतं. तसा कायदाच होता."

आणि ते उठायला लागले तेव्हा — त्यांनी विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं — मी म्हटलं, "घरातलंच काहीतरी मनाला लागलं असेल."

त्यांनी मान हलवली. माझ्या पाया पडले. चैतालीचा हात धरून जिना उतरले.

त्यांचा नंबर माझ्या वहीत आहे. द्वारकेवरून सायखेड्याची गाडी मिळते, तासाभरात माणूस पोचतो. रविवारी बाबाचा फोन झाल्यावर मी पर्स घेतली, चपला घातल्या आणि द्वारकेपर्यंत गेले. दोन गाड्या समोरून गेल्या. मी रिक्षा करून परत आले आणि हे लिहायला बसले. आज गुरुवार. अजून गेलेले नाही.