दिवेलागणीची घंटा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शेठजींनी बांधून दिलेली अभ्यासिका आहे. थंडगार हॉल, नवीकोरी टेबलं आणि समोरच्या भिंतीवर सरस्वतीची मोठी तसबीर. एक पैसा लागत नाही. फक्त दिवेलागणीला घंटा वाजते, सगळे उभं राहून प्रार्थना म्हणतात आणि मग मुलींनी घरी जायचं. मुलं बसतात.

काल भाजी घेऊन परतताना ती घंटा ऐकली. मुली बाहेर येऊन चपला घालू लागल्या. दारातल्या व्यवस्थापकांना मी म्हटलं, "अहो, परीक्षा यांचीही तीच आहे ना?"

ते शांतपणे म्हणाले, "ताई, शेठजींची तेवढी एकच अट आहे. फुकट मिळतंय, त्यात खोट कशाला काढायची?"

शेठजी देवळांना कळस देतात, कीर्तनांना मांडव देतात. खुशाल द्यावेत, श्रद्धा त्यांची आहे. पण त्या देणगीबरोबर त्यांच्या घरातले नियम आमच्या गल्लीत येतात आणि आम्ही हार घालून त्यांचं स्वागत करतो. घंटेनंतर आत बाईमाणूस म्हणून तसबिरीतली सरस्वती तेवढी उरते, याचं कुणाला काही वाटत नाही.

एक मुलगी मात्र गेली नाही. "घरी एकच खोली आहे काकू, आणि टीव्ही चालू असतो," असं म्हणत ती बाहेरच्या पायरीवर बसली. दारावर शेठजींच्या नावाची पाटी झगझगत होती. तिचा उजेड पुस्तकावर पडेल अशी ती जरा सरकली आणि वाचू लागली.