संमतीपत्रावरची सही

हे प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. एका मुलीला स्वतःच्या कामाची करासाठी नोंदणी करायची होती, एवढंच. त्यापायी ठाण्याचे तीन दिवस गेले आणि त्या मुलीचं आयुष्य थोडक्यात वाचलं. नावं कोणाचीच घेत नाही. लाज वाटावी असं माझंच वागणं त्यात जास्त आहे.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. साठीचे एक गृहस्थ ठाणे अंमलदाराला बाजूला सारून थेट माझ्या टेबलापाशी आले. मागे औषधांची पिशवी घेतलेली त्यांची बायको. ती दारातल्या बाकावर बसली.

"सायेब, माझ्या भाडेकरणीनं माझी खोटी सही केलीया. गुन्हा घ्या."

झालं होतं असं. कर खात्याचा माणूस जागेची पाहणी करायला त्यांच्या घरी आला होता. वरच्या खोलीच्या पत्त्यावर व्यवसाय नोंदवायचा अर्ज आहे, सोबत घरमालकाचं संमतीपत्र आहे, असं त्याने सांगितलं. या गृहस्थांना आपण आबा म्हणू. ते तिथेच भडकले.

"मालक मी हाय आन् मी कशावरच सही करीत न्हाई. वडलांनी एका कागदावर अंगठा दिला, तर सगळी जमीन कंपन्यांत गेली."

"भाडेकरार केलाय का?" मी विचारलं.

"त्यावर बी सही लागती न्हवं!"

"भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली होती?"

"न्हाई."

म्हणजे स्वतः एकही नियम पाळायचा नाही आणि दुसऱ्यावर गुन्हा घ्या म्हणून पोलिसांच्या डोक्यावर बसायचं. असली माणसं मी नोकरीभर पाहिली. तक्रार अर्जावर मात्र त्यांनी झोकात सही ठोकली. गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करू, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

दुपारी मुलीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवल्या. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, लातूरकडची. चाकणच्या एका कारखान्यात ती यंत्रांच्या भागांची डिझाइन करायची. तो विभाग बंद झाला, तशी ती खोलीत संगणक मांडून तेच काम स्वतंत्रपणे करू लागली. एक कंपनी तिला वर्षभराचं काम द्यायला तयार होती. अट एकच, जीएसटी नंबर आणा. तिच्या एवढ्याशा कमाईला कायद्याने नोंदणीची सक्तीही नव्हती, पण कंपनीच्या खरेदी विभागाला ते कोण समजावणार? नंबर द्यायला तिच्या हातात आठवडा उरला होता.

"नाही मिळाला तर?"

"वडील न्यायला येणार आहेत, सर. स्थळ ठरवून ठेवलंय त्यांनी. वर्षाचं काम हातात असेल तरच राहा म्हणालेत."

"मग खोटी सही केलीस?"

"सही खोटी नाही."

"कोणाची आहे?"

"ते नाही सांगणार मी. शब्द दिलाय."

मी आवाज चढवला. गुन्हा दाखल झाला तर नंबर विसर, उद्या चारित्र्य पडताळणीतही हे निघेल, म्हणालो. मुलगी रडली, पण नाव सांगेना. खोटं बोलणारा माणूस पोलिसाला काहीतरी गोष्ट रचून देतो. ही काहीच देत नव्हती. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी मात्र मुलगी हट्टी आहे असा शेरा मनात मारून मोकळा झालो.

मूळ संमतीपत्र चिंचवड स्टेशनजवळच्या एका कर सल्लागाराकडे होतं. पहिल्या दिवशी त्याचं दुकान बंद, घरात लग्न. दुसऱ्या दिवशी दुकान उघडं, पण कपाटाची किल्ली लग्नाला गेलेली. माझा हवालदार दोनदा हात हलवत परत आला. इकडे आबा रोज हजर. "काय झालं सायेब? कधी आत टाकताय?" मागे पिशवी घेऊन बायको. ती बाकावर बसे, वेळ झाली की नवऱ्याला गोळी देई. मी रोज दोघांसाठी चहा सांगत होतो आणि बोलत होतो फक्त आबांशी.

तिसऱ्या दिवशी कागद आला. संमतीपत्र, सोबत लाइट बिल आणि घरपट्टीची पावती. तिन्हींवर एकच नाव होतं, बाईचं. खाली वेड्यावाकड्या अक्षरात केलेली सही, तीही त्याच नावाची. मी आबांना विचारलं, "या कोण?"

आबांनी चष्मा लावला आणि वळून बाकाकडे पाहिलं.

"ही आमची मंडळी. बाईच्या नावावर घर आसलं की घरपट्टीत सूट मिळती, म्हनून बक्षीसपत्र करून दिलं व्हतं. तेवढी एकच सही केली म्या. त्याचं काय?"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं नोकरी झाली, पण घराचे कागद मागायचं मला सुचलं नव्हतं. आबा ठसक्यात मालक म्हणाले आणि मी ते मान्य करून बसलो. बाईंना आत बोलावलं.

"मावशी, सही तुमची?"

"व्हय. पोरगी दिसभर मान मोडून काम करती. ह्यांच्याकडं चारदा आली, ह्यांनी हाकलली. मग म्या केली. ह्यांना सांगू नगंस म्हनले, घर डोक्यावर घेत्याल."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत? त्या मुलीवर गुन्हा दाखल होणार होता!"

"भ्या वाटलं सायेब. वाटलं, तुमी इचारल्यावर सांगंन. तुमी इचारलंच न्हाई."

चौकशी म्हणजे मोठ्याने बोलणाऱ्याचं ऐकणं नव्हे, हे मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. स्वतः मात्र तेच केलं होतं. त्याचा राग मला आजही येतो, आबांवर येतो त्याहून जास्त.

आबा उठले. "आसं आसंल तर पोरीला आजच खोली खाली करायला सांगतो."

बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ती कुठं जात न्हाई."

आबा पुन्हा खुर्चीत बसले. अर्ज निकाली काढण्यासाठी बाईंचा जबाब घ्यायला मी हवालदाराला सांगितलं. त्याने नाव विचारलं, वय विचारलं. धंद्याच्या रकान्यात न विचारताच त्याने 'घरकाम' लिहायला घेतलं.

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "त्ये खोडा. घरमालक लिवा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिही."